हयातीचा दाखला

"बापू, अंगावर रेलू नका, गाडी डुलते!" लेक ओरडला. निफाडच्या थंडीत मोटरसायकलवर मागं बसलेले बापू पुन्हा ताठ झाले. वारा झोंबून त्यांची उघडी बोटं बधिर झाली होती.

बँकेत पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. मशीन अंगठाच घेईना. "हात गारठलेत यांचे," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या.

लेकानं लगेच आपले हातमोजे बापूंना चढवले आणि त्यांचे हात धरून बराच वेळ चोळले. किती वर्षांनी पोरानं हात धरला होता! बापूंचे डोळे भरून आले.

अंगठा उमटला. अंगठ्यासाठी काढलेला हातमोजा बापूंनी पुन्हा घातला. बाहेर गाडीपाशी लेकानं हात पुढे केला. बसायला आधार देतोय, असं वाटून बापूंनी त्यात हात दिला.

"हातमोजे द्या," लेक म्हणाला. "वर्षभराचं काम झालं."