कडेचं उड्डाण

तिलेक आत आला तसं बुरुलनं पेनाला टोपण लावून टाकलं. निकाल तिनं मनात कधीच लावून ठेवला होता. आता फक्त सोहळा उरला होता.

टेबलाच्या मानाच्या जागी त्याचा बाप बसला होता, शेर्शेनबेक. पोराच्या मुलाखतीला बापानं बसू नये, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. पण पांढऱ्या दाढीच्या माणसाला खोलीबाहेर काढायची छाती बिश्केकात कुणाची आहे? म्हातारा विमान कंपनीचा सल्लागार. म्हणे, मी नुसता चहाला बसतो. बसल्याबसल्या त्यानं पोराला टाय सरळ करायला लावला, पाणी पी म्हणून सांगितलं, आणि पाव्हेल इल्यिचनं उमेदवाराला नाव विचारलं तर तेही त्यानंच सांगून टाकलं. एकतीस वर्षांचा घोडा, पण बापापुढं मान खाली.

पाव्हेल इल्यिच नोकरभरती बघायचा. जन्मभर विमानात काढलेला भला माणूस. कॅप्टनच्या जागेला पंधराशे तास उडवल्याचा अनुभव लागतो आणि या मुलाकडे त्याहून थोडे जास्तच आहेत, असं त्यानं खुशीत जाहीर केलं.

त्यातले दोनशे तास बुरुलचे होते.

बारा वर्षांपूर्वी शेर्शेनबेक फ्लाइंग क्लबचा प्रमुख होता. विमान बुरुल उडवायची आणि तास तिलेकच्या नावावर पडायचे. बाईला कशाला हवेत तास, तिला काय चुलीवर बसून उडायचंय, असं म्हणत मेल्यानं ते सरळ पोराच्या घशात घातले. ती जाब विचारायला हँगरसमोर उभी राहिली, तेव्हा तो सगळ्यांदेखत शांतपणे म्हणाला, "बुरुल, आज केलंस ते तुझं शेवटचं उड्डाण."

वैमानिक 'शेवटचं' हा शब्द तोंडातून काढत नाहीत. उड्डाण कालचं असो की निवृत्तीच्या दिवसाचं, ते 'कडेचं' असतं. मेजवानीतला पेलासुद्धा कडेचाच. 'शेवटचं' म्हटलं की ते खरंच शेवटचं होतं, ही सगळ्यांची पक्की समजूत. शेर्शेनबेकला ते चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर त्यानं तो शब्द वापरला. दुसऱ्या दिवसापासून बुरुलच्या शेजारी बसून उडायला कुणी तयार होईना. सहा वर्षं ती कपाशीवर औषध फवारणारं जुनाट विमान एकटीच उडवत राहिली, तासाला तास जोडत. डोळ्यांत औषध, घशात औषध आणि मनात डूख.

आता ती मुख्य वैमानिक होती. सगळे तिला मानानं एजे म्हणत, म्हणजे ताई. तिच्या सहीशिवाय इथं कुणी कॅप्टन होत नव्हतं. चोरी सिद्ध करायला हातात काही नव्हतं, कागद सगळे म्हाताऱ्याच्याच सहीचे. पण तिच्याजवळ एक प्रश्न होता. चोरलेल्या तासांत एक उड्डाण असं होतं, की ऐन खिंडीवर इंजिनातलं तेल काचेवर उडालं आणि समोरचं दिसेनासं झालं. ते उड्डाण तिलेकच्या नावावर होतं. मग सांग की राजा, कसं उतरवलंस? बापासमोर त्याची त-त-प-प होताना तिला डोळे भरून बघायचं होतं. पोराचं नाक कापलं की बापाचं आपोआप कापलं जाणार होतं.

पण सुरुवात रीतसर करावी लागते.

"तुमचं कडेचं उड्डाण कधी झालं?" तिनं विचारलं.

"शेवटचं उड्डाण गुरुवारी झालं," तिलेक म्हणाला.

अपशकुन टळावा म्हणून पाव्हेल इल्यिचनं घाईघाईनं टेबलाच्या लाकडावर बोटं वाजवली. पोरगं घाबरलंय, त्याला कडेचं म्हणायचंय, असं तो सगळ्यांना समजावू लागला. म्हाताऱ्यानं चहाचा पेला टेबलावर आपटला.

"घाबरून नाही बोललो," तिलेक म्हणाला. "वैमानिकाच्या घरात वाढलोय. हा शब्द मला चांगला कळतो." मग तो बापाकडे वळला. मान वर होती. "बाबा, चाकं जमिनीवरून सुटली की मला अजून भीती वाटते. अठराव्या वर्षी सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, तास वाढले की भीती जाते. मग दुसऱ्याचे तास आणून माझ्या नावावर घातलेत. भीती काही गेली नाही. गुरुवारी उतरलो, ते शेवटचं."

पोराला कॅप्टनच्या टोपीत बघायचं म्हणून शेर्शेनबेक जन्मभर तडफडला होता.

तिलेक पाव्हेल इल्यिचला म्हणाला, यातले दोनशे तास बुरुल एजेंचे आहेत, तसं लिहून घ्या. खिंडीवर त्यांच्या काचेवर तेल उडालं तेव्हा मी हँगरमध्ये सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलो होतो. एवढं बोलून त्यानं टाय सोडला, घडी करून बापाच्या पेल्याशेजारी ठेवला आणि दार उघडून निघून गेला.

म्हातारा त्या टायकडे बघत बसला. चेहरा पार उतरला होता. अगदी असाच चेहरा बुरुलला बारा वर्षं बघायचा होता. तिनं तो बघितला. पण जिभेवर आणून ठेवलेला प्रश्न तसाच राहिला, तो विचारायची वेळच आली नाही.

तिचे तास या पोराच्या नावावर लागले होते. आज तिचा सूडही त्याच्याच नावावर लागला.