भिंतीवरचा पत्ता

"शून्य दाखवतंय," ताई म्हणाली. "सगळं गेलं."

धाकटा एका कवळीला पॉलिश करत होता. त्याने मशीन बंद केलं, कवळी फडक्यावर ठेवली आणि काहीही गेलेलं नाही, असं शांतपणे सांगितलं. त्या शांतपणानेच ताईचं डोकं फिरलं.

कवळ्यांचा हा कारखाना वडिलांनी उभा केलेला. त्यांच्यामागे दोघं भावंडं तो चालवत होती. ताई साचे करायची, धाकटा दात बसवायचा. परदेशातल्या एका दवाखान्याने मोठ्या कामाचे पैसे एकरकमी बिटकॉइनमध्ये पाठवले, तेव्हा ताईने नाक मुरडलं होतं. पुढे भाव चढला आणि नाक आपोआप सरळ झालं. आता त्यातूनच कारखान्याची जागा विकत घ्यायची होती, कारण मालकाने घ्या नाहीतर रिकामी करा, असं तोंडावर सांगितलं होतं.

बिटकॉइन ठेवायचं ॲप, म्हणजे वॉलेट, धाकट्याच्या जुन्या फोनमध्ये होतं. ताईचा त्या फोनवर काडीचा विश्वास नव्हता. पैसे ज्या पत्त्यावर आले, तो अक्षरा-आकड्यांचा लांबलचक पत्ता तिने छापून प्लास्टरच्या पोत्यांवरच्या भिंतीला चिकटवला होता. रोज सकाळी संगणकावर, सगळ्या जगाला दिसणाऱ्या नोंदींत तो पत्ता टाकायचा, रक्कम जागेवर आहे हे बघायचं आणि मगच पहिला साचा हातात घ्यायचा, हा तिचा नेम होता.

आज त्या नोंदीत एक व्यवहार होता. थोडे पैसे दातांचे संच पुरवणाऱ्याला गेले होते. ते ठीक, त्याचं बिल द्यायचंच होतं. पण बाकीची सगळी रक्कम त्याच क्षणी भलत्याच एका पत्त्यावर गेली होती. तो पत्ता ताईने जन्मात पाहिला नव्हता.

"तो आपलाच आहे गं," धाकटा म्हणाला. "नोट फाडून देता येते का? अख्खी नोट जाते आणि उरलेले सुटे परत येतात. फक्त ते जुन्या खिशात येत नाहीत, वॉलेट त्यांना नवा खिसा शिवतं. हे बघ, फोनमध्ये रक्कम दिसतेय."

ताईला हे घोळात घेणं वाटलं. तिने नवऱ्याला बोलावून घेतलं. तो बँकेत रोखपाल होता. लोकांचे पैसे मोजण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, आणि एका रुपयाचा फरक त्याच्या हातून कधी पडला नव्हता. त्याने चष्मा पुसला, नोंद दोनदा वाचली आणि आधी मेव्हण्याचीच बाजू घेतली. पोरगा तसा नाही, म्हणाला. मग मात्र त्याचा चेहरा पडला.

"आमच्याकडे कुणी खात्यातून थोडे काढले, तर उरलेले खात्यातच राहतात," तो हळूच म्हणाला. "खातं रिकामं होत नाही. आणि फोनमधलं ॲप काय, ज्याने घातलं तो म्हणेल ते दाखवील."

धाकट्याने खिशातून फोन काढला, पाकिटातून बारा शब्दांचा कागद काढला. या शब्दांवर अख्खं वॉलेट उघडतं, असं सांगून त्याने दोन्ही वस्तू ताईच्या पुढ्यात ठेवल्या.

"भाऊजींकडे दे. ते बँकेतले आहेत, त्यांना कळेल. त्यांनीच पैसे काढून दाखवावेत, म्हणजे तुझी खात्री पटेल."

नवऱ्याने दोन दिवस प्रयत्न केला. एक दमडीसुद्धा हलत नाही, सगळा देखावा आहे, असं सांगताना त्याचा आवाज जड झाला होता. पोलिसांत मात्र जाऊ नकोस, घरातली गोष्ट घरातच राहू दे, अशी गळ त्याने घातली. ताईला त्याही परिस्थितीत त्याचं कौतुक वाटलं.

धाकट्याला तिने कारखान्याचा उंबरा बंद केला. ज्याला कडेवर घेऊन वाढवलं, त्यानेच केसाने गळा कापावा, याचं दुःख तिला पैशांपेक्षा जास्त झालं. तो एकदाच दारात येऊन गेला. ती साचा घासत राहिली आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

त्यानंतर कवळ्या परत येऊ लागल्या. कुणाची चावताना टकटक वाजायची, कुणाची बोलताना तोंडातून निसटायची. दात बसवावेत ते धाकट्यानेच, हे ताईला मनातून ठाऊक होतं आणि त्याचाही तिला राग यायचा. महिना संपला. मालकाने जागा दुसऱ्याला दिली. वडिलांची भट्टी भंगारवाला घेऊन गेला, तेव्हा ती भिंतीवरचा पत्ता नखांनी खरवडत होती. अर्धा निघाला, अर्धा तसाच राहिला.

दुपारीच ती घरी आली. डोकं दुखतंय म्हणून नवरा घरीच होता. त्याला चहा करून द्यावा, जरा त्याच्याजवळ बसावं, एवढंच तिच्या मनात होतं. या सगळ्यात तेवढंच एक माणूस आपलं उरलं, असं तिला वाटत होतं.

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तो फोनवर कुणाशी तरी बोलत होता, खिडकीपलीकडच्या गिऱ्हाईकाशी बोलावं तसा, समजुतीच्या सुरात.

"फ्लॅटचा इसार पोचला ना तुम्हाला? मग झालं तर. बाकीचे दुसरीकडे गेलेले दिसताहेत, तो पत्ताही माझाच आहे," तो म्हणाला आणि हसला. "अहो, नोट फाडून देता येते का? अख्खी नोट जाते आणि उरलेले सुटे परत येतात. फक्त नव्या खिशात."