डाव्या दाराची चिकटपट्टी

जुनी स्पोर्ट्स कार घरीच रंगवायची म्हणून नवरा एकेक भाग सोडवत होता आणि मी बोल्ट पिशव्यांत भरून चिठ्ठ्या लावत होते. “गाडी पहिल्यांदाच उघडतोय. आजवर साधा ओरखडा नाही,” तो म्हणाला. डाव्या दाराचं अस्तर निघालं. आत ठोकून सरळ केलेला पत्रा, त्यावर पिवळट चिकटपट्टी: ‘वरचे दोन बोल्ट’, खाली तारीख. बाळाच्या औषधांच्या बाटल्यांवर असतं तेच सासूबाईंचं अक्षर. तारीख माझ्या बाळंतपणाच्या आठवड्यातली. तेव्हा तो ऑफिसच्या कामाला परगावी होता म्हणे. सासूबाई बाळाला घेऊन उंबऱ्यातच होत्या. “आई, तुम्हालाही ठाऊक होतं?” “शर्यतीत गाडी आपटली त्याने. दार घरीच ठोकून सरळ केलं, चिठ्ठी मी लावली. तू ओली बाळंतीण, जिवाला घोर नको म्हटलं.” मागच्या सीटवरच्या बाळाच्या खुर्चीचे चारही बोल्ट मी काढले, पिशवीत घालून आजची तारीख टाकली आणि पिशवी पर्समध्ये ठेवली.