पुन्हा तेच गाणं

"गाणं होईपर्यंत टेकते गं," म्हणत आई तान्ह्याला मांडीवर घेऊन सोफ्यावर बसायची. पण जपानी कार्टूनचं ते सुरुवातीचं गाणं संपत आलं, की पाच वर्षांची लेक रिमोट उचलून ते पुन्हा पहिल्यापासून लावायची. गोष्ट काही सुरूच व्हायची नाही. पोर अशी एकाच गाण्यात का अडकलीय, या काळजीनं आईच्या डोक्यात नाही नाही ते यायचं. शेवटी तिनं नणंदेला गाठलं. "तुम्हीच विचारा हो. मला काही सांगत नाही ती."

आत्या भाचीशेजारी फतकल मारून बसली. मागे सोफ्यावर आई डोळे मिटून ऐकत होती.

"काय गं बये, त्या गाण्यातलं ओ की ठो तरी कळतं का तुला?"

"नाही."

"मग आवडतं एवढं?"

"आधी आवडायचं. आता कंटाळा आलाय."

"अगं, मग पुढची गोष्ट लाव की! तेच ते काय दळत बसलीयस?"

लेकीनं मागे वळून पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"हळू बोल ना, आत्या. गाणं संपलं की आई उठते."