पहिली ओळ

१९९८ साली कबनूरच्या यंत्रमाग कामगारांच्या छातीचे फोटो काढले, तेव्हा निकालांची फाईल डॉक्टरांकडून आली आणि नावांची, त्याच क्रमानं, गावातल्याच प्रभुलिंगनं टाइप केली. पहिलं नाव अर्थातच त्याच्या आईचं, अव्वाचं. दोन्ही फायली त्यानं संगणकाच्या तक्त्यात ओढल्या, ओळीला ओळ लावली आणि घरोघर चिठ्ठ्या वाटल्या.

"बघ की लेका, नव्या मांजरपाटागत छाती हाय माझी! उगाच घोर लावलास जिवाला," खोकत खोकतच अव्वा हसली. जन्मभर कापसाची धूळ श्वासात ओवलेली ती बाई. डॉक्टरांनी खोकल्यासाठी दिलेल्या गोळ्या तिनं परत धाडल्या आणि दुसऱ्या दिवसापासून दोन-दोन पाळ्यांत मागासाठी सुताच्या कांड्या भरू लागली.

महिन्याभरानं यादीतले शेवटचे बाळासो दारात उभे राहिले. "प्रभू, माझ्या चिठ्ठीवर नुस्तं नावच हाय की रं! मला छाती हाय का न्हाय?"

प्रभुलिंग हसत संगणकापुढं बसला. निकालांपेक्षा एक नाव जास्त भरत होतं, म्हणून तो तक्ता वर वर नेत गेला.

अगदी वरच्या ओळीत त्याचंच टायपिंग होतं. कुठलाही कागद सुरू करताना घरी लिहितात तसं, 'ॐ नमः शिवाय'. यंत्रानं त्यालाही माणूस मोजलं होतं, आणि गावात प्रत्येकाच्या हाती यादीतल्या पुढच्याचा निकाल पडला होता.



देवाच्या नावासमोर अव्वाचा निकाल होता : क्षय, दोन्ही बाजूंना, आजच दाखल करा.