कुवेतचा रस्ता

झहूरने आरशात बघितलं, इंडिकेटर दिला, पहिला गिअर टाकला आणि फियाट मोठ्या ऐटीत रस्त्याच्या उजव्या बाजूला घेतली. शेजारी बसलेले आरटीओचे इन्स्पेक्टर आधी काही बोलले नाहीत. माणूस वळणार असेल, असं त्यांना वाटलं. समोरून पाण्याचा टँकर येताना दिसला, तेव्हा त्यांनी स्वतःच स्टिअरिंगला हात घातला.

"कुठं चाललात?" गाडी थांबल्यावर त्यांनी विचारलं.

"कुवेतला," झहूर म्हणाला. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून खरं तेच निघतं.

झहूर मुकादम न्हावा शेवा बंदरावर एका क्लिअरिंग एजंटकडे कारकून होता. कुवेतला असलेल्या आमिरने, त्याच्या चुलतभावाने, स्वतःच्या कंपनीत त्याच्यासाठी जागा बघून ठेवली होती. कारकुनी करायची आणि गरज पडली तर साहेबांची गाडीही चालवायची. लायसन्स दाखवलं की व्हिसा. नेरूळच्या एका खोलीतून मोठ्या घरात जायचं, तर दुसरा मार्ग दिसत नव्हता.

त्याच सुमारास ऑफिसात मुंबईहून एक टायवाले व्याख्याते येऊन गेले. ध्येय डोळ्यांसमोर ठेवा आणि तिथं पोचलोच आहोत असं आजपासून वागा, असं ते म्हणाले. बाकीच्यांनी वडे खाल्ले आणि विसरून गेले. झहूरने मनावर घेतलं. त्याने मनगटावरचं घड्याळ अडीच तास मागे, कुवेतच्या वेळेवर लावलं. सकाळची बस चुकली, पुन्हा चुकली, साहेबांनी बोलावून घेतलं. झहूर त्यांना म्हणाला की कुवेतच्या हिशेबाने तो लवकरच आला आहे.

बायको शकिला या सगळ्याला हसली नाही, याचं त्याला फार अप्रूप वाटलं होतं. उलट मेहुण्याची जुनी फियाट शिकायला मिळाली, तेव्हा तिनेच सुचवलं की कुवेतला गाड्या उजवीकडून चालवतात, तर हात आत्तापासूनच तसा बसवावा. बायको असावी तर अशी, असं झहूर चारचौघांत सांगत सुटला. नेरूळच्या पलीकडे रस्ते आधी होऊन बसले होते, माणसं यायची होती. दर रविवारी त्या ओसाड रस्त्यांवर तो उजवीकडून गाडी हाकायचा. मागच्या सीटवर पाच वर्षांची इक्रा खिडकीला नाक लावून बसायची. आडवं कोणी आलंच तर म्हैस. तिने कधी तक्रार केली नाही.

इन्स्पेक्टरांनी त्याला नापास केलं. "आठ दिवसांनी या," ते म्हणाले, "आणि भारतातून या."

झहूरने ही गोष्ट स्वतःच सोसायटीभर सांगितली. लोकांनी हसण्याआधी आपणच हसावं म्हणजे कमी लागतं. सांगता सांगता तो टँकर होई, मग इन्स्पेक्टर होई, शेवटी म्हैसही होई. लोक पोट धरून हसले. घरी आल्यावर त्याने तोच खेळ शकिलापुढे सुरू केला. ती भाकरी थापत होती. ती हसली नाही.

"मला म्हाइत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"टेस्ट इकडच्या रस्त्यावर होनार ते. तुमी कुवेतमधे एवढे पोचला होता, तुमच्या डोक्यातच आलं नाय. मंग मी पन बोलले नाय."

झहूर पाटावर बसलाच. मी जाऊ नये असं वाटत होतं तर सरळ सांगायचं होतं, असं तो रागाने म्हणाला. सांगितलं असतं तर तुमी मला ध्येयावर भाषन दिलं असतं, असं ती म्हणाली, आणि तिचे हात थांबले.

"माजे अब्बा पन कुवेतलाच होते. दोन सालांनी घरी आले, दारात उभे. मी अम्मीला हाक मारली, कोनतरी पावने आलेत म्हनून. अब्बा तिथंच ओट्यावर बसून रडले. इक्राला तसं बोलायला लागू नये, एवढंच माजं ध्येय."

झहूरने उठून तव्यावरची भाकरी उलटली. आयुष्यात पहिल्यांदाच तसं झालं असावं.

पण आमिरचे रोज फोन येत होते. मोठे चाचा उरणहून खास समजवायला आले आणि असली संधी दारात येऊन उभी राहिल्यावर हातची घालवू नको म्हणाले. झहूरने मान डोलवली. तो आठवडाभर पहाटे उठून डावीकडून गाडी चालवायला शिकला. वळणं, चढ, रिव्हर्स, सगळं अगदी व्यवस्थित. शकिला त्याला डबा भरून द्यायची, पण बोलणं कमी झालं होतं. पासपोर्टसाठी काढलेले त्याचे फोटो तिने, इक्रा चेहरा विसरू नये म्हणून, तिच्या हाती लागतील असे खालच्या फळीवर ठेवले.

दुसऱ्या टेस्टला इन्स्पेक्टर तेच होते. त्यांनी गाडीत बसायच्या आधीच डावी बाजू कुठली म्हणून विचारलं. झहूरने बरोबर दाखवली. सीट पुढे घेतली, आरसा बघितला, इंडिकेटर दिला. रस्ता मोकळा आहे याची दोन्हीकडे बघून खात्री केली. मग गाडी सावकाश उजव्या बाजूला नेली, कडेला लावली आणि इंजिन बंद केलं. 'जात नाही' म्हटलं असतं तर उरणपासून पनवेलपर्यंतचं खानदान समजूत घालायला आलं असतं. नापास माणसाची समजूत कोणी घालत नाही.

इन्स्पेक्टरांनी पेन खाली ठेवलं. एवढं सगळं येत असताना हे काय केलंत, असं त्यांनी विचारलं.

"साहेब," झहूर म्हणाला, "कुठं पोचायचंय ते आज नक्की ठरवून आलोय."