उजवी बाही

ज्युदोच्या कोटाची कॉलर उसवली म्हणून शिंपीकाकांकडे गेले. त्यांनी कोट टेबलावर पसरला आणि कपाळाला हात लावला.

“कुणी शिवलाय हा? उजवी बाही चार बोटं लांब!”

“शिवताना सारख्याच होत्या, काका. सरावात माझी जोडीदारीण मला उचलून आपटायची, पण डोकं जमिनीला लागू नये म्हणून ही बाही शेवटपर्यंत धरून ठेवायची. अकरा वर्षं ओढून ओढून लांबली.”

“आणि आता?”

“शहर सोडून गेली. तीन वर्षं झाली.”

“मग कापून सारखी करू की.”

त्यांनी कात्री उचलली. मी बाही घट्ट धरली, ती धरायची अगदी तिथेच.

“अहो, सोडा ना ताई.”

“ती येऊन धरेल, तेव्हा सोडते.”